शाळेच्या कपाटातला बीबीसी मायक्रो आणि आपल्या भागातली ऑपरेटिंग सिस्टिमची चुरस

गोदाकाठ

ज्या शाळेत मी सव्वीस वर्षे विज्ञान शिकवले, तेथून गेल्या आठवड्यात निरोप आला की प्रयोगशाळेची डागडुजी निघाली असून जुन्या कपाटांतले सामान भंगारात जायचे आहे, तेव्हा काही ठेवून घ्यायचे असल्यास येऊन पाहावे. गंगाखेड तालुक्यातल्या त्या गावी मी दुसऱ्याच दिवशी गेलो. काटे मोडलेल्या तराजूंच्या आणि मानवी सांगाड्याच्या तक्त्यामागे, ज्वारीच्या रिकाम्या पोत्यात गुंडाळलेला आमचा बीबीसी मायक्रो हा जुना संगणक सापडला. कळफलकाच्या सर्वांत वरच्या ओळीतल्या तांबड्या कळा अजून तशाच तांबड्या आहेत. शेजारी पाच कॅसेट होत्या, आणि त्यांतल्या एकीवर माझ्याच अक्षरात पेन्सिलीने 'आठवी ब, बेरीज सराव' असे लिहिलेले होते.

१९८४ मध्ये केंद्र सरकारने शाळांसाठी 'क्लास' हा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला आणि त्यासाठी ब्रिटनच्या एकॉर्न कंपनीचा हा संगणक निवडला. आमच्याकडे तो १९८७ च्या पावसाळ्यात आला. २ मेगाहर्ट्झचा ६५०२ प्रोसेसर आणि ३२ किलोबाइट मेमरी एवढाच त्याचा संसार होता. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, आणि प्रोग्रॅम लिहायची बेसिक भाषा या दोन्ही रॉम चिपमध्ये कायमच्या असल्यामुळे बटण दाबताच आधी एक खालचा आणि मग एक वरचा सूर ऐकू येई, पडद्यावर नाव उमटे आणि यंत्र हुकूम घ्यायला तयार होई. वर्गात पन्नास मुले आणि यंत्र एकच, म्हणून चपला बाहेर काढून पाच-पाच जणांनी आत यायचे, एकाने कळा दाबायच्या आणि उरलेल्यांनी ओळी मोठ्याने वाचायच्या, असा आमचा नेम होता. वीज गेली की लिहिलेले सारे जाई. तेव्हा मुलांनी वहीत उतरवून घेतलेला प्रोग्रॅम पुन्हा टंकायचा. त्या वह्यांमुळे ती मुले प्रोग्रॅम पाठ म्हणत, हे मी आजही सांगतो.

पुढे फ्लॉपीचा ड्राइव्ह बिघडला. नांदेडपासून तेव्हाच्या औरंगाबादपर्यंत तो दुरुस्त करणारा कोणी भेटला नाही. १९९३ मध्ये शाळेत मायक्रोसॉफ्टच्या डॉस प्रणालीवर चालणारे एक यंत्र आले आणि बीबीसी कपाटात गेला.

मॅक चांगला की विंडोज, विंडोज चांगले की लिनक्स, यावर वाद पुष्कळ झाले आहेत. मला वेगळे विचारायचे आहे. आपल्या मराठवाड्यात यांपैकी कोणती प्रणाली कोणत्या वाटेने पोचली, आणि जी टिकली ती का टिकली? माझे मत असे आहे की आपण कोणीही निवड केली नाही. ज्या यंत्राचा दुरुस्त करणारा माणूस एसटीने जाऊन गाठता येत होता आणि ज्याची फ्लॉपी शेजाऱ्याकडून उतरवून घेता येत होती, तेच आपल्याकडे राहिले. गुणवत्तेचा प्रश्न आपल्यापर्यंत आलाच नाही. आपले अनुभव वेगळे असतील तर जरूर लिहावेत.

रबरी कळ

सर, नांदेडच्या आमच्या घरी शाळेआधीच संगणक आला होता, पण तो आपल्या बीबीसीचा प्रतिस्पर्धी होता. आखातात नोकरीला असलेल्या मामांनी १९८६ मध्ये सिंक्लेअरचा झेडएक्स स्पेक्ट्रम आणला. ब्रिटनमध्ये तो एप्रिल १९८२ मध्ये निघाला होता. बीबीसीच्या शैक्षणिक कार्यक्रमासाठी संगणक पुरवण्याचे काम सिंक्लेअरलाही हवे होते आणि ते एकॉर्नला मिळाले, एवढी जुनी ती चुरस आहे. आमच्या यंत्रात ४८ किलोबाइट मेमरी, ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर आणि खोडरबरासारख्या मऊ कळा होत्या. पुढे भारतातही परवान्याने त्याची जुळणी होऊन तो 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने विकला गेला.

त्यावर अक्षरे टंकून आज्ञा लिहायच्या नसत. 'जे' ही कळ दाबली की 'लोड' हा पूर्ण शब्द उमटे, 'पी' दाबली की 'प्रिंट' उमटे. एका कळेवर पाच-पाच अर्थ असत आणि ते सारे बोटांत बसलेले असत. कॅसेट लावली की घरातल्या कृष्णधवल दूरदर्शन संचाच्या कडेला आधी रुंद पट्टे आणि मग बारीक पट्टे धावू लागत आणि टेपमधून तो कर्कश आवाज येई. पूर्ण मेमरी भरायला चार-पाच मिनिटे लागत. शेवटच्या काही क्षणांत 'टेप लोडिंग एरर' ही ओळ आली की टेपरेकॉर्डरच्या हेडजवळचा बारीक स्क्रू अगदी केसभर फिरवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. दुसऱ्या टेपरेकॉर्डरवर भरलेली कॅसेट आपल्याकडे चालावी म्हणून हेडचा तिरकेपणा जुळवावा लागतो, हे मला कोणी शिकवले नव्हते. ते कानाने कळले. आवाज सर्वांत तीक्ष्ण झाला की स्क्रू बरोबर जागी आला.

आपल्या मताला मी एका बाबतीत दुजोरा देतो. या यंत्राला लागणारी प्रत्येक वस्तू आम्ही हैदराबादहून आणत होतो. नांदेडला मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ, रात्रीची गाडी धरली की सकाळी कोटीच्या बाजारात पोचता येई. तेथे १९९० नंतर सिंक्लेअरचे नाव घेतले तर दुकानदार मान हलवू लागले आणि पीसीचे सुटे भाग मात्र ढिगाने मिळू लागले. यंत्र चांगले होते. ज्या रस्त्याने त्याचे सामान येई, तो रस्ता बंद झाला.

मोंढ्याची वही

लातूरच्या मोंढ्यात मी तीस वर्षे आडत दुकानाचे हिशेब लिहिले. गोदाकाठसरांचे बरेचसे पटते, परंतु डॉस केवळ फुकट मिळाली म्हणून टिकली, हे म्हणणे मला अपुरे वाटते. आमच्या कामासाठी ती खरोखरच योग्य होती.

आमच्या मालकांनी १९९१ मध्ये पीसी एक्सटी घेतला, तेव्हा त्यात २० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती आणि पडद्यावर हिरवी अक्षरे होती. सनदी लेखापालांच्या कार्यालयातल्या एका मुलाने डीबेस थ्री प्लस या नोंदी ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये आमच्यासाठी पट्टीचा प्रोग्रॅम लिहून दिला. शेतकऱ्याचे नाव, पोत्यांची संख्या, वजन, भाव, त्यातून हमाली, तोलाई आणि आडत वजा जाता देणे रक्कम. सौदा निघाल्यावर शेतकरी पट्टीसाठी उभा असतो, त्याला गावची शेवटची गाडी गाठायची असते, आणि तुरीच्या हंगामात दिवसाला दीड-दोनशे पट्ट्या फाडाव्या लागतात. अशा वेळी वीज जाई, परत येई, पुन्हा जाई. वीज आली की एका मिनिटात डॉस उभी राहत असे, दुसऱ्या मिनिटाला मी प्रोग्रॅममध्ये असे, आणि गेलेली असे ती फक्त हातातली एक पट्टी. चेकडिस्क ही डॉसची तपासणीची आज्ञा चालवली की हरवलेले तुकडे सापडत. बिघाडच झाला तर 'अबॉर्ट, रिट्राय, फेल' हे तीन शब्द येत. मला इंग्रजी फारसे येत नव्हते, पण त्या तीन शब्दांचा अर्थ मोंढ्यातला प्रत्येक मुनीम जाणून होता. कामापुरती डॉस एका ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर मावत असे, म्हणून तिजोरीत रोकड वहीसोबत आमची एक फ्लॉपीही असे.

याच फ्लॉप्यांनी एक त्रासही आणला. भारतात १९९० मध्ये 'जोशी' नावाचा व्हायरस सापडला होता. तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे यंत्र सुरू होताना पहिल्यांदा वाचल्या जाणाऱ्या भागात, लपून पसरे आणि दर वर्षी ५ जानेवारीला यंत्र अडवून 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकायला सांगे. तेवढे टंकले की यंत्र पुढे चाले. ५ जानेवारी म्हणजे आमच्याकडे नव्या तुरीची आवक भरात येण्याचा काळ. १९९३ साली त्या सकाळी दुकानात चाळीस शेतकरी थांबलेले होते आणि पडद्यावर ही ओळ होती. काय करायचे हे शेजारच्या आडत्याच्या मुलाने येऊन सांगितले, कारण त्यांच्याकडे आदल्या वर्षी हेच झाले होते. माझ्या फ्लॉपीत तो कोठून आला, हे मग विचारायची गरज उरली नाही, कारण आम्ही दोघेही एकाच ठिकाणाहून फ्लॉपी उतरवून घेत होतो. सर म्हणतात तशी फ्लॉप्यांची देवघेव होती, हे खरे, पण त्या देवघेवीत शेजारी मदतीलाही येत होता. माझ्या मते डॉस टिकण्याचे कारण हा शेजारी आहे.

पुढे टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर आले. त्याची ४.५ ही आवृत्ती डॉसवरच चाले, आणि विंडोज आल्यावरही मी ती कित्येक वर्षे सोडली नाही. माउसकडे हात नेण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात कळफलकावर दोन नोंदी होतात.

टर्मिनल

मी बँकेतून निवृत्त झालो आहे आणि माझी नोकरी बीड व धाराशिव जिल्ह्यांत गेली. वहीकाकांनी विजेचा मुद्दा काढला, तो फार मोलाचा आहे, कारण तोच युनिक्स या प्रणालीला आमच्या शाखेत जड गेला.

बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी रंगराजन समितीचे अहवाल १९८४ आणि १९८९ मध्ये आले आणि त्यानंतर शाखांमध्ये संगणक पोचू लागले. आमच्याकडे एक मुख्य यंत्र युनिक्सवर चाले आणि काउंटरवरचे चार टर्मिनल, म्हणजे नुसते पडदे आणि कळफलक, तारेने त्याला जोडलेले असत. एकाच वेळी चौघांनी चार खाती उघडावीत आणि कोणाचा कोणाला अडथळा होऊ नये, ही गोष्ट डॉसला जमणारी नव्हती. ती एका वेळी एकाच माणसाची प्रणाली होती. ज्याने हे काम पाहिले आहे तो डॉसला युनिक्सच्या पंगतीत बसवणार नाही. परंतु युनिक्स लिहायचा मजकूर काही काळ मेमरीत साठवून मग डिस्कवर उतरवते, त्यामुळे ती रीतसर बंद करावी लागते. वीज अचानक गेली आणि यूपीएसची बॅटरी दमलेली असली, की पुन्हा सुरू होताना सगळ्या फाइलींची तपासणी चाले आणि तोवर काउंटरसमोरची रांग दारापर्यंत जाई. ज्या देशांत ती घडली, तेथे वीज जात नव्हती.

डॉसच्या गुणांविषयी मात्र मी एक जुनी हकीकत सांगू इच्छितो. १९७० च्या दशकात लहान संगणकांवर गॅरी किल्डाल यांच्या सीपी/एम प्रणालीचे राज्य होते. आयबीएमने ऑगस्ट १९८१ मध्ये पीसी बाजारात आणला तेव्हा त्यासाठी मायक्रोसॉफ्टने जी प्रणाली दिली, ती सिएटल कॉम्प्युटर प्रॉडक्ट्स या छोट्या कंपनीत टिम पॅटर्सन यांनी लिहिलेली होती आणि तिची रचना सीपी/एमच्याच वळणाची होती. मायक्रोसॉफ्टने ती जुलै १९८१ मध्ये विकत घेतली. पुढे आयबीएमच्या यंत्रासाठी दोन्ही प्रणाली मिळू लागल्या, पण मायक्रोसॉफ्टच्या या डॉसची किंमत ४० डॉलर होती आणि सीपी/एम-८६ ची २४० डॉलर. निकाल तेथेच लागला. शिवाय डॉस इतर कंपन्यांना विकण्याचा हक्क मायक्रोसॉफ्टने स्वतःकडे ठेवला होता, म्हणूनच आयबीएमशी जुळणारी यंत्रे जगभर कोणीही बनवू शकले आणि लातूरच्या गल्लीत जुळवलेला पीसीही त्याच डॉसवर चालला. तेव्हा वहीकाका, आपण जिला योग्य म्हणता, ती आपल्यापर्यंत पोचण्याची वाट दहा वर्षे आधी अमेरिकेत एका दरपत्रकाने आखून ठेवली होती. १९९२ मध्ये आयबीएमने ओएस/२ या आपल्या प्रणालीची दुसरी आवृत्ती काढली. ती डॉसचेच प्रोग्रॅम डॉसपेक्षा अधिक सुरक्षितपणे चालवी, पण माझ्या साऱ्या नोकरीत ती मी एकाही खासगी दुकानात पाहिली नाही.

खिळेजुळारी

मी छापखान्यात वाढलेली बाई आहे आणि वरच्या साऱ्या चर्चेत एक प्रश्न कोणीच घेतला नाही, म्हणून सविस्तर लिहिते. आपण सगळे इंग्रजी अक्षरांच्या प्रणालींविषयी बोलत आहात. माझ्या कामात जिंकणे आणि हरणे देवनागरीवर ठरले.

औरंगाबादेत गुलमंडीजवळ वडिलांचा छापखाना होता. 'क्ष', 'ज्ञ', 'श्र' यांचे वेगळे खिळे, म्हणजे छपाईचे शिशाचे ठसे, अर्ध्या अक्षरांचे वेगळे, रफाराचे वेगळे, असे मराठी केसीत, म्हणजे खिळ्यांच्या पेटीत, शेकडो खण असतात आणि जुळाऱ्याचा हात न पाहता त्या खणात जातो. आता डॉसचा पडदा पाहा. ऐंशी अक्षरे रुंद आणि पंचवीस ओळी उंच, प्रत्येक अक्षराला एकसारखा चौकोन, आणि एकूण चिन्हे २५६. त्यात वेलांटी मागे जाणार, उकार खाली लोंबणार, रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढणार, हे बसायचे कसे?

हे कोडे आपल्याच देशात सुटले. कानपूरच्या आयआयटीत १९८३ च्या सुमारास देवनागरी संगणक तयार झाला आणि त्या कामातून मोहन तांबे यांच्या पुढाकाराने जिस्ट तंत्र उभे राहिले. पुण्यात १९८८ मध्ये सीडॅक ही सरकारी संगणक संस्था स्थापन झाल्यावर ते तेथे वाढले. जिस्टचे कार्ड पीसीत बसवले की पडद्यावर काय उमटवायचे हे ते कार्ड ठरवी, आणि खालच्या डॉसला किंवा डीबेसला पत्ताही नसे की आपण मराठी लिहीत आहोत. फाइलीत अक्षराचा उच्चारानुसार संकेत साठवला जाई आणि जोडाक्षर घडवण्याचे काम कार्ड करी. हाच इस्की संकेत १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. सर्व भारतीय लिप्यांना एकच सारणी, म्हणजे तेच नाव मराठीत लिहून बटण दाबताच तेलुगूत पाहता येई. आमच्याकडे १९९१ मध्ये ते कार्ड आले आणि मी इन्स्क्रिप्ट ही कळफलकाची मांडणी शिकले, जिच्यात स्वर डाव्या हाताला आणि व्यंजने उजव्या हाताला असतात. माझ्या मते ती आजवरची सर्वांत विचारपूर्वक केलेली मराठी मांडणी आहे आणि तिच्याकडे आपण पाठ फिरवली, याचे मला आजही दुःख होते.

पण पानाचे काय? जिस्टवर मजकूर लिहिता येई, पान लावता येत नसे. १९९० मध्ये पुण्याला एका छापखान्यात कामासाठी गेले असता मी पहिल्यांदा ॲपलचा मॅकिंटॉश, म्हणजे मॅक, पाहिला. छोटासा पांढरट डबा, वीतभर पडदा, आणि त्यावर पान जसे छापणार तसेच दिसत होते. ओळ ओढली की सरकत होती. वडिलांनी आयुष्यभर शिशाच्या पट्ट्या घालून जे अंतर साधले, ते बोटाच्या एका हालचालीने साधत होते. मॅक जानेवारी १९८४ मध्ये निघाला, १९८५ मध्ये लेझररायटर हा प्रिंटर आणि पान लावणारे पेजमेकर आले, आणि डीटीपी, म्हणजे संगणकावर पाने लावण्याचा धंदाच, त्यातून जन्मला. गावी परत आल्यावर मी वडिलांकडे मॅकचाच हट्ट धरला. किंमत आमच्या आवाक्यात नव्हती हे एक कारण. दुसरे कारण असे की बिघडला तर पुण्याला पाठवावा लागणार आणि दिवाळी अंकांच्या मोसमात पंधरा दिवस यंत्राविना काढणे परवडणारे नव्हते.

१९९२ मध्ये विंडोज ३.१ आली आणि तिच्यासोबत ट्रूटाइप फॉन्ट आले. हे तंत्र मुळात ॲपलने घडवले आणि मायक्रोसॉफ्टला दिले. त्यामुळे साध्या पीसीवर, साध्या प्रिंटरवर सुबक वळणदार अक्षर उमटू लागले. मग श्रीलिपी, आकृती ही मराठी फॉन्टची सॉफ्टवेअरे आली, आणि निराला बाजारापासून पैठण गेटपर्यंत लग्नपत्रिकांची दुकाने उघडली. आमच्या गावात विंडोज या अक्षरांच्या खांद्यावर बसून आली. मात्र येताना तिने एक नुकसान केले. प्रत्येक कंपनीने देवनागरीचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या मर्जीने बसवले. एका फॉन्टमध्ये केलेला मजकूर दुसऱ्या दुकानात उघडला की नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसे. इस्कीचा शिस्तीचा संकेत हाताशी असताना आम्ही दिसण्यासाठी अर्थ सोडला. माझ्याकडे १९९४ ते २००८ या काळातली स्मरणिका, पत्रिका आणि पुस्तके मिळून तीन पेट्या सीडी आहेत, आणि त्यांतला मजकूर आज शोधता येत नाही, एकेक फॉन्ट ओळखून बदलून घ्यावा लागतो. विंडोज २००० मध्ये युनिकोड या जागतिक संकेतातली देवनागरी आणि मंगल फॉन्ट आले, तोवर आमची सवय दगडासारखी घट्ट झाली होती.

म्हणून सरांना माझे उत्तर असे की आपण निवड केली होती. आम्ही छापखानेवाल्यांनी निवड केली आणि ती चुकली.

पेंग्विन

ताईंचा प्रतिसाद दोनदा वाचला. सरांच्या मूळ मुद्द्याला मला एक अडचण दाखवायची आहे. फुकट उतरवून घेता येणारी प्रणालीच जिंकते असे असेल, तर लिनक्स जिंकायला हवी होती, कारण ती तर कायद्यानेच वाटून घेण्यासाठी दिलेली होती.

लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी मिनिक्स ही शिकवण्यासाठीची प्रणाली वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या गटात आपल्या छंदाच्या प्रणालीची बातमी दिली आणि पुढच्या जानेवारीत मिनिक्सचे कर्ते प्राध्यापक टॅनेनबॉम यांनी लिनक्सची रचनाच कालबाह्य असल्याचे तेथे लिहिले. तो वाद मला आदर्श वाटतो, कारण त्यात प्रणालीचा गाभा एकसंध असावा की छोट्या स्वतंत्र भागांचा असावा, यावर दोघेही नेटाने आणि उघडपणे बोलले. परभणीत मी महाविद्यालयात असताना आम्हाला लिनक्स मिळाली ती पीसीक्वेस्ट मासिकासोबतच्या सीडीवर. एक अंक आम्ही सहा मित्रांनी मिळून घेतला आणि ती सीडी परभणी, मानवत, सेलू अशी फिरली. २००५ नंतर तर उबुंटू या लिनक्सच्या आवृत्तीच्या सीडी मागवल्या की टपालाने विनामूल्य घरी येत. पोस्टमनकाकांनी परदेशाचे पाकीट दारात दिले तेव्हा आईने कोणी नातेवाईक परदेशी आहे का, असे विचारले होते.

तरीही ती घरोघरी गेली नाही, आणि त्याची कारणे मी माझ्या हातांनी अनुभवली आहेत. स्वस्त पीसीत जो अंतर्गत मोडेम असे, त्याचे निम्मे काम विंडोजचा ड्रायव्हर करी, म्हणून तो लिनक्सवर मुकाच राही आणि इंटरनेट बंद. मोंढ्याला टॅली हवी, छापखान्याला पेजमेकर हवा, आणि दोन्ही लिनक्सवर नाहीत. २००१-०२ च्या सुमारास एमएससीआयटी हा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू झाला. नोकरीसाठी ते प्रमाणपत्र आवश्यक ठरले आणि तालुक्या-तालुक्याला केंद्रे निघाली. जे काम शहरातल्या शाळांनाही जमले नव्हते ते या अभ्यासक्रमाने खेड्यांत करून दाखवले, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो, पण त्यात शिकवली जात होती ती विंडोज. पाथरीच्या मुलीने तीन महिने ज्या पडद्यावर सराव केला, तोच पडदा ती नोकरीत आणि घरी मागणार. वहीकाका ज्याला शेजारी म्हणतात, तो विंडोजच्या बाजूला हजारोंनी उभा राहिला, आणि लिनक्सचा शेजारी परभणीत आम्ही सहा जण होतो.

आज परिस्थिती निराळी आहे. मोबाइलवरच्या अँड्रॉइड प्रणालीचा गाभा लिनक्सच आहे, आणि ती बहुतेक करून ज्या एआरएम प्रोसेसरवर चालते त्याची पहिली चिप १९८५ मध्ये एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी घडवली. सर, ही दोघे आपल्या कपाटातल्या बीबीसी मायक्रोच्या निर्मितीतही होती. त्यावरचे बेसिक सोफी विल्सन यांनीच लिहिलेले आहे.

मोंढ्याची वही

पेंग्विनदादा, हे मला ठाऊक नव्हते. टर्मिनलसाहेबांच्या दरपत्रकाचा मुद्दाही मी मान्य करतो. फक्त एवढेच सांगतो की वाट कोणीही आखलेली असो, त्या वाटेने रात्री नऊ वाजता आमच्या दुकानी फ्लॉपी घेऊन सायकलवर आलेला मुलगा लातूरचा होता.

गोदाकाठ

खिळेजुळारीताई, आपण माझे मत खोडले आहे आणि मी ते मागे घेतो. शाळेत आम्ही मुलांना बीबीसीवर इंग्रजीच शिकवत राहिलो, कारण त्यावर मराठी उमटेल असा विचारही आमच्या मनात आला नव्हता. आपण म्हणता ते कार्ड तेव्हा अस्तित्वात होते, हे वाचून रात्री झोप लागली नाही.

आता व्यवहाराचे विचारतो. यंत्र भंगारातून काढून मुख्याध्यापकांच्या खोलीत ठेवले आहे. वायर उंदरांनी कुरतडलेली नाही. उद्या वीज जोडून पाहावी काय?

सोल्डर

सर, कृपा करून जोडू नका. मी जालन्यात तीस वर्षे संच दुरुस्त करतो आहे आणि या यंत्राचे एक दुखणे ठरलेले आहे. त्याच्या वीजपुरवठ्याच्या पेटीत मुख्य तारेलगत दोन कपॅसिटर असतात, ज्यांना आपण कंडेन्सर म्हणतो. त्यांच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या कवचाला काळाने भेगा पडतात, आत दमट हवा शिरते, आणि वीज देताच काही मिनिटांत ते फुटून खोलीभर उग्र वासाचा धूर होतो. बहुधा बाकीचे यंत्र वाचते, पण तुमच्या मुलांसमोर ते व्हायला नको. ते दोन्ही काढून २७५ व्होल्ट एसीचे, एक्स-२ वर्गाचे नवे घालायचे. किरकोळ किमतीची वस्तू आहे. मग पेटी मुख्य पाट्यापासून सोडवून पाच व्होल्ट बरोबर येतात का ते मोजायचे आणि त्यानंतरच जोडायचे. पडद्याची चिंता नको. मागे गोल व्हिडिओ सॉकेट असते, त्यातून साध्या टीव्हीला चित्र देता येईल. ते कृष्णधवल दिसेल, रंगासाठी आतली एक जोडणी करावी लागते.

कॅसेट मात्र लगेच वाजवू नका. इतक्या वर्षांत फीत चिकटलेली असते आणि जुन्या टेपरेकॉर्डरचा रबरी रोलर तिला ओढून गुंडाळतो. प्रत्येक कॅसेट आधी हाताने पेन्सिलीवर सैल फिरवून घ्यावी, मग चांगल्या डेकवर एकदाच वाजवून आवाज लॅपटॉपवर उतरवून ठेवावा. बीबीसी त्या लॅपटॉपवरूनही तो आवाज ऐकून प्रोग्रॅम उचलतो.

रबरी कळ

हेडचा स्क्रू जुळवायला मी येतो. माझा डेक अजून चालतो, आणि कान शाबूत आहेत.

गोदाकाठ

सोल्डरदादा, आपल्या सांगण्याप्रमाणे प्लग काढून ठेवला आहे. मुख्याध्यापकांनी यंत्र शाळेच्या नोंदवहीतून न उतरवता दुरुस्तीसाठी बाहेर देण्याची लेखी परवानगी दिली. रविवारी सकाळच्या गाडीने मी जालन्याला निघतो. यंत्र त्याच ज्वारीच्या पोत्यात बांधले आहे आणि पाचही कॅसेट पेन्सिलीसह वेगळ्या पिशवीत ठेवल्या आहेत. आठवी ब मधला एक विद्यार्थी आता मानवतला शिक्षक आहे. त्याने त्या प्रोग्रॅमची वही अजून जपून ठेवली आहे आणि तोही सोबत येतो म्हणाला.